फिश टँक: घेऊ नये, घेतला तर सोडवत नाही



गेल्या महिन्यात नातीला नववं वर्ष लागलं. "आबा, मला फिश टँक हवा," असं तिने जाहीर केलं तेव्हा घरात सगळ्यात आधी "मुळीच नाही" म्हणालो तो मी. आणि त्याच संध्याकाळी माळ्यावरचं लोखंडी स्टँड कितपत गंजलंय ते बघायला शिडी मागितली, तोही मीच. आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. त्यांना सवय आहे. पन्नास वर्षांत मी तीन वेळा टाकी मांडली आणि तिन्ही वेळा "पुन्हा या घरात माशाचं नाव काढायचं नाही" म्हणून मोडली.

ज्यांनी हा उद्योग केला नाही त्यांना वाटतं, काय आहे त्यात? काचेची पेटी, थोडी वाळू, चार रंगीत मासे. दर आठवड्याला वाहायच्या बादल्या त्यांना दिसत नाहीत. वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो, म्हणून रात्री दोनला उठून वाटीने पाणी ढवळणारा माणूस दिसत नाही. नाशिकला भाच्याच्या लग्नाला चार दिवस जायचं तर शेजारच्या बेनना चिमूट म्हणजे किती हे तीनदा दाखवून जावं लागतं, आणि तरी लग्नात लक्ष लागत नाही. कुत्रा आजारी पडला तर कण्हतो. मासा काही सांगत नाही. सकाळी तो वर तरंगत असतो, एवढंच.

आणि तरीही. सगळी कामं आटोपल्यावर खोलीतला दिवा घालवून फक्त टाकीचा दिवा ठेवायचा आणि समोर बसायचं, याची सर दुसऱ्या कशाला नाही.

माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं ते मुंबईत. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. लहानपणी मासा म्हटला की कमाटीबागेतल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडाच डोळ्यापुढे यायचा. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला, ७० फुटांच्या वर लांब. (देवमासा हा मासा नव्हे हे मास्तरांनी पुढे सांगितलं, पण तोवर उशीर झाला होता.) १९६० च्या उन्हाळ्यात गिरगावात मामाकडे गेलो, तेव्हा त्याने तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं. मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत अंधार, त्या अंधारात ओळीने उजळलेल्या खिडक्या. प्रत्येक खिडकीत एकेक जग. आमच्या पुढे एक कोकणी गृहस्थ होते. ते प्रत्येक काचेपुढे थांबून बायकोला, हा कसा करावा, तळून की आमटीत, हे सांगत होते. मी दहा वर्षांचा. मला ते ऐकून रडू फुटलं होतं.

पुढे मोठेपणी या छंदाचा इतिहास वाचत गेलो तेव्हा कळलं, की माझ्यासारखे वेडे आणि वैतागलेले लोक पहिल्यापासूनच होते.

शोभेसाठी मासे पाळायला सुरुवात केली चिनी लोकांनी. साधारण हजार वर्षांपूर्वी, सोंग घराण्याच्या काळात, तळ्यातल्या करड्या माशांत मधूनच निपजणारे सोनेरी-तांबूस मासे त्यांनी वेगळे काढून वाढवले. तोच आपला गोल्डफिश. पण ते मासे हौदात नाहीतर मोठ्या कुंडात असायचे आणि बघायचे ते वरून. माशाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा तर काच हवी, आणि काच होती महाग. इंग्लंडात तर काचेवर कर होता. १८४५ साली तो रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. कॉमर्सवाल्याला हे वाचून बरं वाटतं. लोक म्हणतात निसर्गप्रेमातून छंद निघाला. निघाला असेल, पण आधी कर निघाला.

त्याआधी १८३२ साली सिसिलीत जान व्हिल्प्रो-पॉवर नावाच्या एका फ्रेंच बाईंनी समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या करून घेतल्या होत्या. घरगुती टाकीचं शास्त्र मात्र मांडलं लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने. १८५० साली त्याने आपला प्रयोग छापला. एका काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. मासे श्वासातून जे सोडतात ते वनस्पती घेते आणि ती प्राणवायू परत देते. पण काही दिवसांनी पानं कुजून पाणी गढूळ झालं. मग त्याने तळ्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, पाणी निवळलं, आणि त्यांची अंडी-पिल्लं माशांना खायला झाली. म्हणजे कोणाची तरी नावे बाजू ती दुसऱ्याची जमा. ताळेबंद जुळला. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी आनंदाने बँकेत सगळ्यांना सांगत सुटलो होतो. कोणालाही फरक पडला नाही.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिश हाऊस उघडलं. त्यात मोठा वाटा होता फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाचा. दुसऱ्याच वर्षी त्याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि तो शब्दही त्यानेच रूढ केला. लॅटिनमध्ये या शब्दाचा जुना अर्थ गुरांना पाणी पाजायची जागा. आपल्या मराठीत सांगायचं तर हाळ! पुस्तकाने इंग्लंडात अक्षरशः साथ आली. दिवाणखान्यात टाकी नाही ते घर मागासलेलं. मग पाणी सडू लागलं, मासे मरू लागले, बायकामाणसं वैतागली. जे. जी. वुड नावाच्या लेखकाने १८६८ मध्येच लिहून ठेवलंय की दहातल्या नऊ टाक्या लोकांनी सोडून दिल्या. म्हणजे माळ्यावर स्टँड टाकणारा मी पहिला नव्हे.

गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली 'फादर अँड सन' हे वडिलांविषयीचं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की त्याच्या लहानपणी समुद्रकाठच्या खडकांमधली डबकी रंगीत जीवांनी गच्च भरलेली असत. वडिलांची पुस्तकं वाचून लोक जाळी-बरण्या घेऊन त्या किनाऱ्यावर तुटून पडले आणि ती डबकी लुटली गेली. आपण ज्याच्यावर प्रेम करायला शिकवलं ते त्या प्रेमापायीच संपलं, याचं वडिलांना किती दुःख होतं हेही मुलानेच लिहिलंय. आपल्याकडे आज तेच चाललंय. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओढ्यांत एक देखणा मासा आहे, अंगावर काळी पट्टी आणि वर तांबडी रेघ. दुकानात त्याला 'मिस केरळ' म्हणतात. टाक्यांसाठी इतका पकडला गेला की आता तो संकटग्रस्त माशांच्या यादीत आहे.

आपल्या लोकांचं माशांशी नातं वेगळ्या तऱ्हेचं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. त्यात मत्स्यविनोद म्हणून प्रकरण आहे. माशांचे प्रकार, कोणाला काय खायला घालावं, गळ कसा टाकावा, सगळं तपशीलवार. हा ग्रंथ छापून निघाला तो आपल्या बडोद्याहून, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये. संपादक जी. के. श्रीगोंदेकर, पहिला खंड १९२५ चा. महाराजांच्या या मालेचं नाव आपण अभिमानाने घेतो, पण तिच्यात माशांना खाऊ घालायची कृती आहे हे किती जणांना माहीत असेल? आणि दुसरीकडे महाडजवळचं वाळण कोंड. काळ नदीतला खोल डोह, काठावर देवी, आणि डोहातले मासे देवीचे, म्हणून कोणी मारायचे नाहीत. लोक चुरमुरे टाकतात, मासे वर येतात, लोक नमस्कार करून घरी जातात. तिथे ना काच, ना बादल्या. मला कधी कधी वाटतं, तेच शहाणपणाचं.

पण मला शहाणपण नव्हतं. १९७६ साली, नोकरी लागून चार वर्षं झाली होती, मी पहिली टाकी केली. तेव्हा आजच्यासारख्या सिलिकॉनने चिकटवलेल्या टाक्या आमच्या इथे मिळत नसत. लोहाराकडून अँगलची चौकट करून घ्यायची आणि काचा लांबीने बसवायच्या. ती पहिले आठ दिवस गळायचीच. आम्ही वाड्यात वरच्या मजल्यावर, खाली कुलकर्णी. त्यांच्या पलंगावर पाणी ठिबकलं आणि पुढे दोन वर्षं संक्रांतीचा तिळगूळ जरा ताठरच मिळाला. नळाला आजव्याचं पाणी, त्यात क्लोरीन. त्यावर उपाय म्हणजे रावपुऱ्यातल्या फोटो स्टुडिओतून हायपोचे चार खडे मागून आणायचे. फोटो धुवायचं रसायन, पण क्लोरीन मारतं. मासे मुंबईहून यायचे. क्रॉफर्ड मार्केटमधून प्लास्टिकच्या पिशवीत, रात्रीच्या गाडीने मांडीवर. रोझी बार्ब, झेब्रा डॅनिओ अशी इंग्रजी नावं सांगून विकलेले. पुढे समजलं की हे दोन्ही आपल्याच गंगेच्या खोऱ्यातले, फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ सालीच वर्णन करून ठेवलेले. आपलाच माल परदेशी शिक्का मारून परत. गप्पी मात्र फुकट. डासांच्या अळ्या खातात म्हणून हौदात सोडायला वाटायचे, ते सगळ्यांना आठवत असतीलच.

आईला हे प्रकरण पसंत नव्हतं. "जीव आणायचा आणि डांबायचा," म्हणायची. मेलेला मासा काढला की अंघोळ करायला लावायची, आणि पुरायचा तो मागच्या अंगणात जास्वंदीखाली. ती जास्वंद फार फुलायची.

टाकीत खरा जीव गुंतला तो आप्पांचा. शाळेतून निवृत्त झाले होते, पायाच्या दुखण्याने बाहेर जाणं कमी झालं होतं. मी बँकेत गेलो की ते टाकीपुढे वेताची खुर्ची ओढून बसायचे. रोज सकाळी खाद्य घालायचं काम त्यांनी मागून घेतलं. एंजल माशांच्या जोडीला त्यांनी नावंही ठेवली होती, ती आम्हाला कधी सांगितली नाहीत. आयुष्यभर शिस्तीचा मास्तर आणि आम्ही, आमच्यात बोलणं फारसं कधी नव्हतंच. टाकी आल्यावर ते झालं. "आज तो काळा जरा सुस्त दिसला," एवढंच. पण मी घरी आल्याबरोबर ते सांगायला थांबलेले असायचे.

१९८० चा डिसेंबर. त्या काळी बँकांचं वार्षिक क्लोजिंग ३१ डिसेंबरला असायचं, मार्च नंतर आला. क्लोजिंगचा आठवडा म्हणजे घरी फक्त झोपायला यायचं, म्हणून आधीच्या रविवारी, २८ तारखेला, मी टाकी एकदम लख्ख करून ठेवली. वाळू सगळी बाहेर काढली, उकळत्या पाण्याने धुतली. वाळूखालची फिल्टरची जाळी ब्रशने घासली. सगळं पाणी नवं. हायपो घातला, हीटर लावला. टाकी अशी चमकत होती की सौ.नी दृष्ट काढायची बाकी ठेवली.

३१ च्या रात्री आमच्या शाखेत नऊ पैशांचा फरक निघत होता. तो सापडेपर्यंत पहाटेचे चार वाजले. घरी आलो तर टाकीतलं पाणी दुधाळ झालेलं, आणि २३ पैकी १९ मासे वर. दोन्ही एंजल त्यातच.

थकलेलो होतो, हे कारण झालं. आप्पा जागे होते, खुर्चीत बसलेले. मी त्यांना म्हणालो, "किती घातलंत खायला? हात आवरत नाही का तुम्हाला?" पाणी दुधाळ होणं म्हणजे जास्त खाद्य, एवढंच मला ठाऊक होतं. आप्पा म्हणाले, "चिमूटभरच." मी म्हणालो, "चिमूटभराने असं होत नाही." ते उठले आणि आत गेले. त्यानंतर टाकीपुढे ते कधी बसले नाहीत. उरलेले चार मासे मी मित्राला देऊन टाकले आणि दोन महिन्यांनी माझी बदली झाली. पहिली टाकी मोडली ती अशी.

आप्पा १९९३ साली गेले. त्यांच्या रोजखर्चाच्या वह्या ट्रंकेत ओळीने ठेवलेल्या होत्या. १९८० ची चाळताना दिसलं, की दूध, भाजी, टपाल यांच्या शेजारी त्यांनी एक बारीक रकाना आखला होता. रोज एक नोंद, "मासे, १ चिमूट." डिसेंबरचा अख्खा महिना मी हिशेब तपासावा तसा तपासला. एकही दिवस दोन चिमूट नाही. १ जानेवारीला नव्या वहीत, "१९ मासे गेले. दूध १ लिटर." माझ्याविषयी एक अक्षर नाही. २ जानेवारीपासून रकाना रिकामा.

तरी मग मासे गेले कशाने, हे मला कळायला आणखी सतरा वर्षं लागली. २०१० साली निवृत्त झालो आणि पुन्हा टाकी घेतली. दुकानातला पंचविशीचा मुलगा फिल्टर हातात देताना सहज म्हणाला, "काका, आ स्पंज नळ नीचे ना धोता, टांकीना पाणीमां ज निचोवजो." नळाखाली धुवायचा नाही, टाकीतल्याच पाण्यात पिळायचा. का, विचारलं तर म्हणाला, त्यात बॅक्टेरिया असतात, ते धुतलेत तर मासे मरतील.

घरी येऊन वाचत बसलो. माशांच्या मलमूत्रातून, उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया होतो. तो विष आहे. वाळूत आणि फिल्टरमध्ये राहणारे एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे माशांना बरंच सोसतं. ही वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. मी २८ डिसेंबरला उकळत्या पाण्याने ती सगळी एका दुपारी मारली होती. पुढच्या चार दिवसांत अमोनिया साठत गेला. घाण कुठे दिसली नसती. टाकी लख्ख होती.

गंमत अशी, की हे काम दोन टप्प्यांत आणि दोन वेगळ्या जातीच्या जिवाणूंकडून होतं हे दाखवणाऱ्यांत रॉबर्ट वॉरिंग्टन हे नाव आहे. मला वाटलं तोच. तो नव्हे, त्याचा मुलगा. बापाचंच नाव ठेवलेला. तो शेतीचा रसायनतज्ज्ञ, रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीवर काम करत होता. बापाला टाकीतलं समजलं ते मासे, झाड आणि गोगलगाय. डोळ्यांना न दिसणारं खातं मुलाने उघडलं. तोवर बाप जाऊन दहा वर्षांवर काळ लोटला होता.

विसर्जनानंतर सूरसागरात पांढरे पोट वर करून तरंगणारे मासे आपण सगळ्यांनी बघितलेत. तेव्हा नाक दाबून पुढे जायचो. आता तिथून जाताना मी मनातल्या मनात प्राणवायू आणि अमोनियाचा हिशेब मांडतो आणि सौ. म्हणतात, चला.

दुसरी टाकी चांगली सहा वर्षं चालली. मोडली ती एका सकर माशापायी. काच साफ करतो म्हणून बोटाएवढा आणला, तो हातभर झाला आणि बाकीच्यांना जगू देईना. तेव्हा अक्कल नव्हती, एका संध्याकाळी बादलीत घालून विश्वामित्रीत सोडून आलो. हा दक्षिण अमेरिकेतला मासा अशाच सोडून दिलेल्यांमुळे आपल्या देशातल्या कितीतरी तळ्या-नद्यांत पसरलाय आणि तिथल्या माशांच्या जिवावर उठलाय, हे नंतर वाचलं. विश्वामित्रीतल्या मगरींनी त्याचा निकाल लावला असेल अशी आशा करतो. तिसऱ्या टाकीची काच २०१९ च्या जुलैत, त्या वीस इंच पावसाच्या गडबडीत, सामान वर चढवताना फुटली. तिचं दुःख करायला त्या दिवशी कोणालाच वेळ नव्हता.

तर आता चौथी. स्टँड फारसं गंजलेलं नव्हतं, रंग दिला. टाकी दिवाणखान्यात, उन्हापासून लांब. पाणी भरलं, वाळू घातली, फिल्टर चालू केला. मासे नाहीत. नात रोज शाळेतून आली की विचारते, "आबा, कधी?" मी म्हणतो, अजून नाही. सकाळी अंघोळ झाली की मी रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकतो, ते कुजून अमोनिया व्हावा आणि जिवाणूंना काही मिळावं म्हणून. परवा शेजारच्या बेननी हे पाहिलं आणि हळूच सौ.ना विचारलं, काकांची तब्येत बरी आहे ना?

आज अठरावा दिवस. टेस्ट किटमध्ये अमोनिया अजून हिरवाच दाखवतोय. पिवळा व्हायला हवा.